सळ्यांजवळची उत्तर

७ एप्रिल १९९९, गोंडपिपरी

आज सातवीला होकायंत्र शिकवलं. परातीत पाणी, पाण्यावर पळसाचं पान, पानावर चुंबकाने घासलेली शिवणाची सुई. पान डुलत डुलत फिरलं आणि उत्तर-दक्षिण होऊन थांबलं. अख्खा वर्ग चूप. वर्षभरात एवढी शांतता मला मिळाली नव्हती.

मग कोपऱ्यातली चंदा म्हणाली, "बाई, उत्तरेनं ओढलं, तं पान परातीच्या काठाले काऊन नाई जात? जाग्यावरच काऊन फिरते?"

असा प्रश्न विचारणारी पोरगी शेवटच्या बाकावर बसते, हे या शाळेचं नशीब. मी सांगितलं की पृथ्वी हे प्रचंड मोठं चुंबक आहे, पण दूरचं आणि मवाळ. ती सुईचं एक टोक जेवढं उत्तरेला ओढते, तेवढंच दुसरं टोक दक्षिणेला. म्हणून सुई कुठे जात नाही, नुसती वळते. हातातलं चुंबक जवळ आणलं की मात्र पान धावत येतं, कारण त्याची ओढ जवळच्या टोकावर जास्त पडते. "आणि पृथ्वीचा जोर इतका कमी असतो," मी म्हटलं, "की शेजारी लोखंड असलं तर सुई पृथ्वीचं ऐकतच नाही."

हे दाखवायला शाळेचं पितळी होकायंत्र घेऊन पोरांना कुंपणापाशी नेलं. कुंपणापलीकडे जुनी टिनाची मशीद आणि तिच्या बाजूला नव्या मशिदीची जागा. तिथे सळ्यांची चळत पडली आहे. चळतीजवळ गेलं की सुई पूर्वेकडे कलते, मागे आलं की परत येते. पोरं हसून हसून बेजार.

पोरं वर्गात गेल्यावर मी लिंबाखाली, लोखंडापासून लांब, पुन्हा उत्तर पाहिली. मग नव्या पायासाठी मारलेली चुन्याची रेष पाहिली. इथून किब्ला, म्हणजे नमाजेची मक्केतल्या काब्याकडची दिशा, पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे झुकलेला. ती रेष त्याच्या दुपटीहून जास्त झुकलेली आहे. आणि जुन्या टिनाच्या भिंतीला ती अगदी समांतर आहे.

मशीद कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, कोण? गफ्फारभाई, माझे भासरे, माझ्या नवऱ्याचे, फैजचे मोठे भाऊ. सळ्या कोणाच्या दुकानातल्या? त्यांच्याच.

मला आनंद झाला. इथे खोटं कशाला लिहू?

८ एप्रिल

हजहून आलेल्या किब्लानुम्याची, म्हणजे किब्ला दाखवणाऱ्या होकायंत्राच्या डबीची, पुस्तिका शेजारून मागून आणली. नागपूरचा आकडा आहे, आपण तिथून काही फार लांब नाही. माझं बरोबर आहे. रेष बारा-तेरा अंशांनी चुकली आहे.

जेवताना फैजला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"कोणत्या बाजूनं?"

"उत्तरेकडे."

"पक्कं?"

"मी विज्ञान शिकवते, फैज."

तो उठला, हात धुतले, अर्धं ताट तसंच. "भाईजानले नोको सांगू."

"काऊन?"

"सांगितलं ना, नोको सांगू."

बस स्टँडवर स्वतःचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारा, अठ्ठावीस वर्षांचा माणूस. भावाचं नाव निघालं की चेहरा असा उतरतो. लग्नाला तीन वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही की हा त्यांना एवढा भितो कशाला.

११ एप्रिल, रविवार

स्वतःच गेले. इस्तारी मिस्त्री पायाच्या जागेवर दोरी ताणत होता. त्याला विचारलं, रेष कुठून घेतली.

"गफ्फारभाऊ म्हणले जुन्या भितीले धरून मार. मारली."

"आणि जुनी भिंत कोणी आखली?"

"तवा बी दोरी मीच धरली होती, बाई. नऊ वर्षं झाली. सुईची डबी पाहणारा तं..."

"इस्तारी!" मागून आवाज. "चुना संपला का तोंड चालवाले टाइम भेटून राह्यला?"

गफ्फारभाई. पांढरी बनियन, खांद्यावर टॉवेल, कपाळावर आठ्या. मला पाहून त्या आठ्या आणखी खोल गेल्या. मी सरळ म्हटलं, "भाईजान, रेष चुकली आहे. जुनीही आणि ही नवीही."

"कोणाकोणाले सांगितलं?"

चुकली कशी, हा प्रश्न नाही. कोणाला सांगितलं, हा प्रश्न!

मी होकायंत्र सळ्यांपाशी नेऊन दाखवलं. तेव्हाही असंच लोखंड जवळ पडलेलं असेल, म्हटलं. ते यंत्राकडे पाहातच नव्हते. इस्तारीकडे पाहात होते आणि इस्तारी जमिनीकडे.

"रेष मी मारली," ते म्हणाले. "माह्या हातानं. आता बोल, काय म्हणतं?"

"मग तुम्ही चुकलात."

"चुकलो. जाय घरी."

असं कबूल करण्याला काय किंमत! दुसऱ्या मिनिटाला इस्तारीला म्हणाले, खड्डे खोद.

१६ एप्रिल, शुक्रवार

मी फक्त मशिदीच्या इमामांच्या, हाफिजसाहेबांच्या बायकोला सांगितलं होतं. आज नमाजनंतर हाफिजसाहेबांनी सगळ्यांसमोर विषय काढला. आतमध्ये काय झालं ते मला तुकड्या-तुकड्याने कळलं. कोणी ओरडलं, "नऊ वर्षांच्या नमाजा वाया गेल्या का?" हाफिजसाहेब म्हणाले, नेक नियतीने पढलेली नमाज वाया जात नाही, पण पाया अजून भरला नाही तेव्हा तपासून घ्यायला काय हरकत आहे. कोणी म्हणालं, मास्तरीण आता मशिदीचे धडे देणार का. हशा पिकला म्हणे.

संध्याकाळी माझी जाऊ, गफ्फारभाईंची बायको शमसुन्निसा, अंगणातल्या भिंतीवरून आमच्याकडे येणारी पाण्याची नळी ओढून घेऊन गेली. बोलली नाही. शिकवणीला सहा मुली यायच्या, आज दोन आल्या. दोघींच्या आया दारातच थांबून होत्या, लवकर सोडा म्हणत.

फैजला म्हटलं, निदान तू तरी माझ्या बाजूने उभा राहा. त्याच्यासमोर एक उघडा रेडिओ होता. मान वर न करता म्हणाला, "तू जिंकली का हरली, याच्यात माहं काय आहे?"

नवरा आहे माझा!

२० एप्रिल

इक्रा आली. गफ्फारभाईंची मुलगी, मागच्या वर्षी दहावी झाली, गणितात पंच्याऐंशी. पुढे शिकवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं की तुम्ही पोरीला सिमेंटच्या पोत्यासारखी दुकानात रचून ठेवता आहात. त्यानंतर आठ दिवसांत दोन घरांच्या मधल्या अंगणात भिंत उभी राहिली. इक्रा तरी लपूनछपून माझ्याकडे अकरावीचं गणित करत होती.

आज पुस्तक परत द्यायला आली. "अब्बूनं नाई पाठवलं," ती म्हणाली. "मीच देऊन राह्यली."

"तू पण?"

"चाची, दादा शेवटी शेवटी मशिदीत काऊन जात नव्हते, तुम्हाले माहीत आहे?"

तिचे दादा म्हणजे आजोबा, माझे सासरे वजीरभाई, माझ्या लग्नाआधीच वारले. "गुडघे दुखायचे म्हणून," मी म्हटलं. घरात तसंच सांगतात.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या एखाद्या ढ पोराकडे पाहते. मग गेली.

सोळा वर्षांची पोरगी. बापाने चांगली पढवून पाठवली आहे.

२ मे

शाळेला सुट्ट्या लागल्या, म्हणून दिवसभर ठोकाठोक ऐकू येते. खड्डे झाले. आज सळ्या बांधायला घेतल्या. एकदा काँक्रीट पडलं की पुढची पन्नास वर्षं तीच रेष.

मी गेले आणि खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहिले. मजुरांनी हात थांबवले. बघता बघता माणसं जमली, पानठेल्यावरची, गॅरेजमधली.

"बाईमाणसानं इथी उभं राह्यचं नाई," गफ्फारभाई म्हणाले.

"मग माणसांनी नीट पाहावं," मी म्हटलं. "हे घ्या. लिंबाखाली जा, उत्तर पाहा. मग इथे या, उत्तर पाहा. दोन वेगळ्या उत्तर दिशा निघतील. एवढं तर सातवीतल्या पोराला कळतं."

कोणीतरी हसलं. त्यांचा चेहरा काळा पडला. मला वाटलं होकायंत्र फेकून देतील. त्यांनी ते घेतलं, झाकण लावलं आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"ही डबी कोणाचीच नाई," ते म्हणाले. "हिच्यावरून आता आणखी झगडा नोको. दुसरा काही इलाज पाहू. इस्तारी, काम बंद."

काम बंद केलं याचा अर्थ घाबरले. डबीचं नाव निघू नये म्हणून एवढी धडपड! कारण डबी पुन्हा पुन्हा तेच सांगेल.

रस्त्यापलीकडे फैज स्कूटरवर बसलेला दिसला. किती वेळ होता कोण जाणे. मी हात केला. त्याने किक मारली आणि निघून गेला. आज दुकानातच झोपतो म्हणाला, गिऱ्हाइकांची कामं साचली आहेत.

९ मे

मी जिथून जाते तिथे बोलणं थांबतं. किराणा दुकानात माझ्या मागून आलेल्यांना आधी सामान मिळतं. कुंपणाच्या फाटकावर कोळशाने कोणीतरी बाण काढला आहे, शेजारी लिहिलं आहे, "उत्तर इकडे, मास्तरीण." पुसला नाही. बाणाची दिशा चुकीची आहे, एवढं फक्त मनात नोंदवलं.

फैज जेवायला येतो, जेवतो, जातो. गफ्फारभाई चंद्रपूरला कोणा मोठ्या मौलानांकडे गेले आहेत म्हणे. फतवा आणतील, की बायकांनी होकायंत्राला हात लावू नये.

१९ मे

फतवा नाही आणला. जे आणलं ते ऐकून मी दोन तास चिडचिड करत होते.

हाफिजसाहेबांनी जाहीर केलं की अठ्ठावीस मेला दुपारी एका क्षणी सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर येतो. त्या क्षणी जिथे जिथे ऊन असेल तिथे तिथे उभ्या काठीची सावली किब्ल्याच्या रेषेत पडते. ही गोष्ट गफ्फारभाई मौलानांकडून विचारून आले.

मी नकाशाचं पुस्तक काढलं. मक्का कर्कवृत्ताच्या जरा खाली आहे. सूर्य उत्तरेकडे सरकताना मेअखेरीला तिच्या माथ्यावरून जातोच. तिथे तो माथ्यावर असेल तेव्हा आपल्याकडे पावणेतीन वाजून गेलेले असतील. त्या वेळी सूर्याकडे तोंड म्हणजे मक्केकडे तोंड. होकायंत्र नको, पृथ्वीचं चुंबक नको, लोखंडाची भीती नको.

पूर्ण बरोबर आहे. हे मला सुचायला हवं होतं. मी विज्ञान शिकवते, आणि सुचलं सळ्या विकणाऱ्या माणसाला!

पण त्यांनी हे का शोधावं? या सावलीने त्यांचीच चूक गावासमोर उघडी पडणार आहे. नक्की घड्याळात काहीतरी गडबड करतील. मी माझं घड्याळ आकाशवाणीच्या ठोक्यावर लावून नेणार.

२८ मे, शुक्रवार

सगळं लिहिते.

ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. जुम्म्याची नमाज झाल्यावर कोणीच घरी गेलं नाही. माणसं जागेभोवती गोल उभी राहिली, डोक्यावर ओले टॉवेल. आम्ही बायका शाळेच्या कुंपणाआड, लिंबाखाली. शमसुन्निसा माझ्यापासून चार हात दूर.

इस्तारीने तीन बांबूंची तिवई उभी करून तिला ओळंबा टांगला होता. खाली जमीन सारवलेली. हाफिजसाहेबांच्या हातात घड्याळ. मी कुंपणावरून ओरडून माझी वेळ सांगितली. त्यांची आणि माझी वेळ तंतोतंत जुळली. गफ्फारभाईंनी कसलीच गडबड केली नव्हती.

वेळ झाली तसं हाफिजसाहेब म्हणाले, "बिस्मिल्लाह." ओळंब्याच्या दोरीची सावली जमिनीवर पडली होती, केसासारखी बारीक. इस्तारीने तिच्यावर दोरी धरून चुना सोडला.

नवी रेष जुन्या रेषेला कात्रीसारखी कापत गेली. माझं बरोबर होतं. सगळ्यांना दिसत होतं.

सुभानचाचा, मशिदीतले सर्वांत म्हातारे, काठी टेकत रेषेपाशी आले आणि बराच वेळ वाकून पाहात राहिले. "वजीरभाई म्हणत होते तशी हाय," ते म्हणाले. "थोडी इकडं हाय. पण जवळ हाय. तो मावळत्या सूर्यावर रेष धर म्हणे. आपण त्याले अनाडी म्हटलं."

तेवढ्यात गर्दीतून फैज पुढे आला. तो तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. "चाचा," तो म्हणाला, "ती जुनी रेष मी..."

गफ्फारभाईंनी त्याचा दंड असा धरला की तो मागे हेलपाटला. "चूप! एकदम चूप!" मग लोकांकडे वळून, मोठ्याने, "रेष माही. कमिटी माही, लोखंड माहं, चूक माही. ज्याले काही म्हणाचं आहे त्यानं मले म्हणावं. आजपासून सदर दुसरा पाहा."

"भाईजान, सोडा," फैज म्हणाला. "त्याइले माहीत तं होऊ द्या."

"घरी जाय!"

फैज रडत होता. सगळ्या गावासमोर.

मी तरीही विचार करत होते की हा मध्ये कशाला पडतो. शमसुन्निसा माझ्याजवळ आली. दीड महिन्यात पहिल्यांदा बोलली, दातओठ खात.

"झालं समाधान? एकोणीस वर्षांचा होता तो. नवीन नवीन रेडिओचं काम शिकून आल्ता. यंत्र सांगते ते खरं, म्हणे. बापानं म्हटलं सूर्यावर धर. ह्यानं चार माणसांत बापाले म्हटलं, तुम्हाले काय समजते. लोकं हसले. म्हातारा त्या दिवसानंतर मशिदीत गेला नाई. घरीच पढे, त्याच्या त्याच्या रेषेत. मरेपर्यंत. आणि फैज एक बार माफी मांगाले बी गेला नाई, कारण त्याले वाटे का आपण बरोबर आहो."

मी कुंपणावरून फैजकडे पाहिलं.

"आमच्या ह्यानं माहीत असणाऱ्या सगळ्याइले कसम घातली होती," ती म्हणाली. "का रेष आपण मारली म्हणून सांगाचं. फैजच्या तोंडावर कोणी म्हणू नये का म्हातारा बरोबर होता."

३० मे

फैज बल्लारपूरला गेला. मित्राच्या दुकानात काम आहे, पंधरा दिवस लागतील, म्हणाला. स्कूटर ठेवून एसटीने गेला. निघताना विचारलं, "अब्बांची रेष किती चुकत होती? तू मोजलं असशील."

मोजलं होतं. "थोडीच," मी म्हटलं.

"आणि माही?"

उत्तर त्याला माहीत होतं. पहिल्याच दिवशी जेवताना मी सांगितलं होतं, भाजी वाढता वाढता.

६ जून

खड्डे बुजवून नवीन खोदले. गफ्फारभाई सदर नाहीत, पण रोज सकाळी तिथे असतात. सळ्यांची चळत त्यांनी स्वतः उभं राहून रस्त्यापलीकडे हलवून घेतली. तशी आता गरज नव्हती.

कोळशाचा बाण कोणीतरी पुसला आहे. किराणावाला आता माझं सामान वेळेवर देतो. कोणी येऊन म्हणतं, "म्याडम, तुम्ही नसत्या तं..." मला ते ऐकवत नाही.

आज भिंतीशी उभी राहिले. पलीकडे ते खाटेवर बसून चहा पीत होते.

"भाईजान."

उठले नाहीत. "बोल."

"फैजचा निरोप आहे का?"

"आहे. बरा आहे. तुह्याबद्दल काही म्हटलं नाई."

"इक्राचं पुस्तक माझ्याकडेच आहे. तिला..."

"इक्राची गोष्ट वेगळी," त्यांनी मला तोडलं. "त्याच्यात बी तू बरोबर असशील. तुह्या तोंडून ऐकून मी करणार नाई."

मला राग आला. बरं वाटलं राग आला म्हणून, नाहीतर तिथे उभं राहवलं नसतं. म्हटलं, "तुम्ही मला एकदा बोलावून सांगायचं होतं. अकरा एप्रिललाच. घरातली गोष्ट घरात राहिली असती. मी गप्प बसले असते. तुम्ही काऊन नाही सांगितलं?"

त्यांनी कपबशी खाली ठेवली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत माया अजिबात नव्हती.

"तुले?" ते म्हणाले. "तुले सांगितलं असतं, तं तू बापाची रेष, पोराची रेष, अन् दोघाइतलं अंतर, सारं फळ्यावर काढून दाखवलं असतं."

ते उठून आत गेले. दार लावून घेतलं.

मी तिथेच उभी होते. उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. एवढ्यात मनात आकृती तयारही झाली होती. मधे सूर्याची रेष, एका बाजूला सासऱ्यांची, दुसऱ्या बाजूला फैजची, आणि प्रत्येकीच्या टोकाशी अंशाचा आकडा.